वरवंट्याचं बारसं

हर्षालीला सकाळी बाथरूममध्ये आजीच लागते. आई नको, पप्पा तर नकोच. साडेसहाला कुसाबाई गॅसवर पाणी कोमट करतात, त्यात मापाने मीठ घालतात, मनगटावर दोन थेंब टाकून बघतात आणि मोठ्या सिरिंजला रबरी नळी लावून नातीला हाक मारतात. पोरगी येते, प्लास्टिकच्या चटईवर डाव्या कुशीला निजते आणि आजीचा गुडघा धरून डोळे मिटून घेते. पाणी आत गेलं की आपल्या छोट्या सीटवर जाऊन बसते. पोट पूर्ण रिकामं व्हायला चाळीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ आजीने दारापाशी स्टुलावर बसून गोष्ट सांगायची, असा दोघींचा नियम आहे. हे रोज केलं की दिवसभर चड्डी कोरडी राहते आणि पहिलीच्या वर्गात कोणाला काही कळत नाही.

हर्षाली जन्मली तेव्हा तिला शौचाची जागाच नव्हती. उजवं पाऊल आत वळलेलं होतं आणि एक मूत्रपिंड सुपारीएवढं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पोटावर डाव्या बाजूला छेद घेऊन आतड्याचं तोंड बाहेर काढलं आणि पोरगी वाचली. आठ महिन्यांनी खाली नवी जागा केली. ती आकसू नये म्हणून स्टीलच्या गुळगुळीत कांड्या दिल्या, बारीक ते जाड अशा, आणि सांगितलं की दिवसातून दोनदा घरीच घालायच्या. आई म्हणजे स्नेहल, तिचे हात थरथरायचे. बाप संतोष जिन्यात जाऊन उभा राहायचा. कुसाबाईंनी पदर खोचला आणि ते काम आपल्याकडे घेतलं. लेकरू किंचाळायचं, त्या ओठ घट्ट मिटून करायच्या, आणि झालं की त्याला खांद्यावर टाकून सगळ्या खोल्यांमधून फिरायच्या. दीड वर्षाची झाली तेव्हा तिसरं ऑपरेशन झालं आणि पोटावरचं तोंड बंद झालं.

त्यामुळे सिडकोत त्यांच्या गल्लीत सगळे म्हणतात की पोरगी वाढवली ती कुसाबाईंनी. कोणी तोंडावर तसं म्हटलं की कुसाबाई चहा ठेवायच्या निमित्ताने आत निघून जातात. लोकांना वाटतं, बाईला कौतुक आवडत नाही.

श्रावण संपला त्या आठवड्यात हर्षालीच्या वहीत शाळेचं पत्र आलं. शनिवारी आजी-आजोबा दिवस होता. आजीने किंवा आजोबांनी नातवंडाबरोबर यायचं, बारशाचा एक फोटो आणायचा आणि नाव कोणी ठेवलं, कसं ठेवलं, ते मुलांना दोन मिनिटांत सांगायचं. खाली वर्गशिक्षक जीवन सरांची सही होती. कुसाबाई दिंडोरीकडच्या खेड्यात चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, वही मिटून दप्तरात ठेवली आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. पीठ जरा जास्तच मळलं गेलं.

बारशाचं काय सांगणार होत्या त्या?

तेव्हा मायलेकी चोविसाव्या दिवशी दवाखान्यातून घरी आल्या होत्या. बारावा दिवस उलटून गेलेला. गावाकडून फोन सुरू झाले होते की बारसं कधी, बोलावणं का नाही. फोन करणारी मुख्यतः धोंडाबाई, कुसाबाईंची मोठी जाऊ. तिच्या नातवाचा ओठ जन्मतः फाटका होता, आणि सुनेने ग्रहणात विळीला हात लावला असणार, असं कुसाबाईंनीच त्या वेळी चार घरी सांगितलं होतं. म्हणून त्यांना पक्कं माहीत होतं, की तोंडं कशी चालतात. त्यात इथे मुलगी. उद्या तिच्या लग्नात कोणीतरी उठून बोलणार. बारसं केलं नाही तर काहीतरी आहे हे कळणार, आणि केलं तर लेकरू हातोहात फिरणार. पायाला प्लास्टर दिसणार. पोटावरच्या तोंडाला लावायची शौचाची पिशवी टिकत नव्हती, कातडी सोलवटायची, म्हणून कुसाबाईंनी आपली मऊ सुती लुगडी फाडून चौकोनी फडकी केली होती. ती अर्ध्या तासाला बदलावी लागायची. ती धुऊन गच्चीवर वाळत घालायचीही त्यांनी मनाई केली होती. आतल्या खोलीत पंख्याखाली, खुर्च्यांच्या पाठींवर फडकी वाळायची आणि त्या खोलीला एक आंबूस वास धरला होता. अशात कोणी बाईने लेकरू मांडीवर घेतलं आणि तिची साडी भरली तर?

मग त्यांना वरवंटा सुचला. तसा तो बारशात असतोच. त्याला बाळासारखं सजवतात, बायका तो पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींकडे देतात, आणि मग बाळाला पाळण्यात घालतात. कुसाबाईंनी ठरवलं, की वरवंट्यावरच भागवायचं. लोकांना सांगायचं की बाळाला कावीळ आहे, ते काचेच्या पेटीत आहे, स्नेहल त्याच्याजवळ दवाखान्यात आहे, आणि डॉक्टरांनी बाळाला बाहेर काढायला मनाई केलीय. पुढे पितृपक्ष लागतो, म्हणून नाव तेवढं ठेवून घेतोय.

संतोष म्हणाला, तुला योग्य वाटेल ते कर. स्नेहलला कोणी विचारलं नाही, फक्त सांगितलं. नाव काय ठेवायचं तेही पायलने, म्हणजे संतोषच्या बहिणीने, नांदगावहून येतानाच ठरवून आणलं होतं.

बारशाच्या दिवशी अकरा वाजता स्नेहलला लेकरासकट आतल्या खोलीत पाठवलं. बरोबर ताट झाकून दिलं, पाण्याचा तांब्या, बादली, फडक्यांचा गठ्ठा. पाहुणे-रावळे घर बघायच्या नादात कोणी दार उघडेल, म्हणून कुसाबाईंनी बाहेरून कडी घातली आणि कडीवर दिसू नये असा कॅलेंडरचा मोठा कागद अडकवला. गावाकडून बायकांनी भरलेली पिकअप आली. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या. वरवंट्याला जरीचं टोपरं होतं, झबलं होतं आणि गालाच्या जागी काजळाची तीट. ती तीट कुसाबाईंनी स्वतः लावली होती. पायलने वाकून वरवंट्याच्या कानाशी नाव सांगितलं आणि रीत म्हणून बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. घुगऱ्या वाटल्या. पायलच्या नवऱ्याने फोनवर शूटिंग केलं.

पाळणा म्हणत असताना आतून रडणं ऐकू आलं. धोंडाबाईचा कान तिखट.

"लेकरू रडतंय की गं कुसे," ती म्हणाली.

"खालच्या मजल्यावरचं हाय," कुसाबाई म्हणाल्या. "दिसभर तेच चालतं त्याचं."

आणि त्यांनी स्पीकरवरची गाणी मोठी केली. रडणं आणखी थोडा वेळ चाललं आणि एकदम थांबलं. कुसाबाईंनी मनातल्या मनात वणीच्या देवीला हात जोडले. पुढच्या पौर्णिमेला गडावर जाऊन त्या देवीला खण-नारळही वाहून आल्या. लाज राखलीस, म्हणाल्या.

तीन वाजता पिकअप गेली. कुसाबाईंनी कागद काढला, कडी काढली. स्नेहल भिंतीला टेकून बसलेली होती, लेकरू मांडीवर झोपलेलं. ताटाला हात लावलेला नव्हता. ती बादली उचलून मोरीकडे गेली. त्या दिवशी घरात जेवला नाही असा आणखी एक माणूस म्हणजे कुसाबाईंचे मालक पुंजा. पोट ठीक नाही म्हणाले आणि फाटकापाशी खुर्ची टाकून बसून राहिले. आता ते नाहीत. त्या दिवसाबद्दल ते पुढे कधी एक शब्द बोलले नाहीत, आणि ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं कुसाबाईंना अजून वाटतं.

त्यानंतर आठ महिन्यांनी कांड्यांचं काम आलं. ते कुसाबाईंनी का अंगावर घेतलं, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

आणि आता शाळेला फोटो हवा होता. हर्षालीने घरी आल्यापासून तेच लावलं होतं. तिच्या बाकावरच्या रुद्रच्या बारशाचा अख्खा अल्बम आहे, तर तिचा निदान एक तरी हवा. आजी म्हणाली, शोधते.

पोरीने हे ऐकलं तर ती आपल्याकडे परत कशी बघेल, एवढाच विचार कुसाबाईंच्या डोक्यात होता. सहा वर्षं त्या मुलीने जिथे कोणाला हात लावू दिला नाही तिथे आजीला लावू दिला. ते एवढ्यासाठीच, की आजीला तिची लाज वाटत नाही, असं तिला वाटतं.

दुपारी त्यांनी नांदगावला पायलला फोन केला. सुयशच्या, म्हणजे पायलच्या मुलाच्या, बारशाचा एखादा फोटो पाठव म्हणाल्या, मढवून भिंतीला लावते. पायलने लगेच पाठवला. पाळणा तसाच झेंडूचा, बाळाच्या डोक्यावर टोपरं, चेहरा अर्धा दिसणारा. शेजारी पायल वाकलेली. त्या वयात मुलगा काय अन् मुलगी काय, सगळी सारखीच. कुसाबाई पवननगरला स्टुडिओत गेल्या आणि फोटो मोठा करून घेऊन आल्या. हर्षालीने तो दोन्ही हातांनी धरला. आपलं नाक तेव्हा किती छोटं होतं, हे तिने आजीला दाखवलं, मग शेजारच्या पिंकीताईला दाखवलं, मग वॉचमनला.

स्नेहल अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायची. सकाळी पावणेसातला बस, संध्याकाळी पाचला घरी. त्या गुरुवारी ती आली तेव्हा हर्षाली खेळायला गेली होती आणि कुसाबाई ओट्याशी मेथी निवडत होत्या. फोटो टेबलावर होता. स्नेहलने पर्स ठेवली, फोटो उचलला आणि बराच वेळ बघत राहिली.

"आई, हा सुयश आहे," ती म्हणाली.

कुसाबाई मेथीच निवडत राहिल्या. मग म्हणाल्या की शाळेला हवा होता, पोर मागे लागली होती, आपल्याकडे कुठंय.

स्नेहलने समोरची खुर्ची ओढली, बसली आणि जुडीतल्या चार काड्या स्वतःही निवडायला घेतल्या. तिचा आवाज चढला नव्हता. "तेव्हा तिच्या जागी वरवंटा ठेवलात. आता सुयशला ठेवताय."

"मग काय करू? खरं सांगू शाळेत? सगळ्यांसमोर?"

"शाळेत नाही. तिथे तुमचं मन हलकं होईल, आणि सोमवारपासून पोरं तिला विचारतील, तुला का लपवलं होतं म्हणून. सांगायचं तर तिला सांगा."

"लय लहान हाय ती."

"हो. तेव्हा तर आणखी लहान होती."

कुसाबाईंना वाटलं, झालं, एवढंच असेल. सहा वर्षं जे येणार येणार म्हणून धसका होता ते एवढंच असेल तर सोसता येईल. पण स्नेहलचं संपलं नव्हतं. ती मेथीकडे बघत बोलत होती.

"त्या दिवशी ती रडायची थांबली ना, ती आपणहून थांबली नव्हती. तुम्ही खालच्या मजल्यावरचं म्हणालात ते मला आत ऐकू आलं. मग मी तिच्या तोंडावर हात ठेवला. तुमची फजिती होऊ नये म्हणून. ओठ निळे दिसायला लागले तेव्हा काढला. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली माझ्याकडे. म्हणून मी त्या कांड्या घालू शकले नाही, आई. माझे हात तिच्याजवळ गेले की मला तेच आठवायचं. तुम्हाला सगळे म्हणाले, सून कच्ची आहे. तुम्हीपण म्हणालात."

कुसाबाईंच्या हातातली काडी हातातच राहिली. गडावर वाहिलेला नारळ त्यांच्या डोळ्यांसमोर आला, हिरवा खण, आणि आपण कोणत्या शब्दांत देवीचे आभार मानले होते ते. तोंडून निघालं ते एवढंच, की कुकर लावायचा राहिलाय. स्नेहल उठली आणि तिने कुकर लावला.

शुक्रवारी सकाळी नेहमीसारखं पाणी कोमट झालं, मीठ पडलं, नळी लागली. हर्षाली सीटवर बसली आणि म्हणाली, आज बारशाची गोष्ट, म्हणजे उद्याची तालीम होईल. कुसाबाई स्टुलावर बसल्या होत्या. बाकीच्या गोष्टी त्या हातवारे करून सांगतात. ही सांगताना हात मांडीत होते.

त्यांनी सांगितलं. फोटोतलं बाळ सुयश आहे हे आधी सांगितलं, मग वरवंटा, टोपरं, तीट, आणि लोकांना सांगितलेली कावीळ, डॉक्टरांची मनाई. इथपर्यंत हर्षालीला गंमत वाटली. वरवंट्याला कान कुठे असतात, तिने विचारलं. मग तिचं हसू हळूहळू थांबलं.

"मग मी कुठे होते?"

"आतल्या खोलीत. आईपाशी."

"का?"

कुसाबाईंच्या जिभेवर तयार उत्तर होतं. दृष्ट लागू नये म्हणून. हे उत्तर पोरीने मानलंही असतं, कारण त्याच आजीने मागच्या दिवाळीपर्यंत तिची दृष्ट काढली होती.

"मला लाज वाटली," त्या म्हणाल्या. "तुझ्या पोटावरचं लोक बघतील, त्याची."

"माझी?"

कुसाबाईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. मग त्यांनी मान हलवली, होय अशी.

हर्षालीने फ्रॉक वर करून पोटावरचा व्रण बघितला. चिंचोक्याएवढा चकचकीत डाग. तो ती रोज बघते, पण आज दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा बघितला. मग फ्रॉक खाली केला. आईच्या हाताचं मात्र कुसाबाई बोलल्या नाहीत. ते सांगायचा हक्क आपल्याला नाही, एवढं त्यांना कळत होतं. चाळीस मिनिटांतली पंधरा उरली होती, त्यात दुसरी गोष्ट झाली नाही. झाल्यावर पोरीने टॉवेल मागितला आणि म्हणाली, मी पुसते माझं मी.

शनिवारी कुसाबाईंनी साडेसहाला पाणी ठेवलं. हर्षाली आली, पण आजीपाशी नाही, आईच्या खोलीच्या दाराशी गेली. स्नेहलची त्या दिवशी सुट्टी होती.

"आई, तू ये," ती म्हणाली. "आजी, तू बाहेर बस."

स्नेहलने सासूकडे बघितलं. कुसाबाईंनी सिरिंज आणि भांडं तिच्या हातात दिलं. किती पाणी, किती सावकाश, नळी कुठपर्यंत, हे सांगायला सुरुवात केली. स्नेहल म्हणाली, माहीत आहे मला, आई. दोघी आत गेल्या आणि हर्षालीने आतून कडी घातली. कुसाबाई स्टूल भिंतीला लावून बाहेर बसल्या. आतून पाण्याचा आवाज आला. मग स्नेहलचा हलका आवाज, मग थोडं रडणं. कुसाबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत येऊन बसल्या. रडणं थांबलं. त्यांना कडीकडे बघवेना.

शाळेला जायचं की नाही, हे कोणी बोललं नाही. नऊ वाजता हर्षाली बूट घालून उभी राहिली आणि म्हणाली, चल ना आजी, उशीर होतोय. हात तिने नेहमीसारखाच दिला. फोटो टेबलावरच राहिला.

वर्गात आज्या छोट्या बाकांवर गुडघे उंच करून बसल्या होत्या. एकेक उठून सांगत होती. कोणाचं नाव पणजोबांवरून, कोणाचं देवीच्या स्वप्नावरून. अल्बम फिरत होते. रुद्रची आजी पाळणा म्हणायला लागली तेव्हा सगळ्या बायकांनी ताल धरला. कुसाबाईंनी टाळी वाजवायला हात जवळ आणले, पण वाजवली नाही.

जीवन सरांनी हर्षालीचं नाव घेतलं. कुसाबाई बाकाला धरून उठू लागल्या. काय सांगायचं ते ठरलेलं नव्हतं. खरं सांगायचं नाही असं स्नेहल म्हणाली होती, आणि पोरीसमोर आणखी एक खोटं बोलायची ताकद त्यांच्यात नव्हती. तेवढ्यात हर्षालीने त्यांचा पदर खाली ओढला आणि स्वतः उभी राहिली.

"सर, माझ्या आजीचा घसा बसलाय," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय. आणि माझा फोटो कावीळ झाली होती म्हणून काढला नाही."

सर म्हणाले, असं का, मग आजींनी विश्रांती घ्यावी. शेजारच्या बाईने पर्समधून खडीसाखर काढून कुसाबाईंच्या हातावर ठेवली. हर्षाली परत बसली. ती आजीकडे बघत नव्हती, फळ्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा अगदी शांत होता. एवढं सफाईने बोलायला ती कुठे शिकली, हे वर्गात एकाच बाईला माहीत होतं.

कुसाबाईंनी खडीसाखर तोंडात टाकली आणि घसा दुखत असल्यासारखा गळ्यावर हात ठेवला.